दादऱ्यावरचा नंबर

चोरी करणाऱ्यानं निदान चोरलेला माल एकदा नीट बघावा! कऱ्हाडच्या हणमंतराव जगदाळ्यांनी तेवढंही केलं नाही.

खाद्यजत्रेचे स्टॉल वाटायला सभा भरली होती. घरी लोणची घालणाऱ्या इंदुताई लोखंडे अर्ज घेऊन उभ्या राहिल्या, तोच लोणच्याच्या कारखान्याचे मालक हणमंतराव गरजले, "हिला स्टॉल देऊ नका! माझ्या ब्लॉगवरचे लेख, फोटो चोरून ही स्वतःचं दुकान चालवते!"

सभा हबकली. पडद्यावर दोघांचे ब्लॉग लावले, तर शब्द न् शब्द सारखा. फोटोही तोच : कैरीच्या लोणच्याची बरणी, तोंडाला बांधलेला पांढऱ्या फडक्याचा दादरा.

अध्यक्षांनी विचारलं, "ताई, आता काय सांगता?"

"रावांच्या ब्लॉगवरचा फोटो मोठा करा. दादऱ्याच्या काठाला मी भरतकाम करते."

फोटो मोठा झाला. काठावर लाल दोऱ्यानं भरलेले दहा आकडे! अध्यक्षांनी तो नंबर लावला, आणि इंदुताईंच्या पिशवीत फोन वाजला.

हणमंतरावांनी घाईघाईनं मोबाइलवर आपला ब्लॉग उघडला.

"वर्षभर तुमचा ब्लॉग बघून गिऱ्हाइकं मलाच फोन करतायत, राव," इंदुताई म्हणाल्या. "एवढी मेहरबानी करा, तो फोटो तेवढा काढू नका!"