बँडसमोर खाल्लेली कैरी

"म्हणजे इस्माइलभाईंना काढायचंच नाही, असं म्हणताय का सर?"

सुव्रत सबनीसने हे त्या दुपारी तिसऱ्यांदा विचारलं.

आढाव सर आवारातल्या आंब्याखाली वाकून गळालेल्या कैऱ्या गोळा करत होते. एकेक उचलायची, सदऱ्याला पुसायची, पिशवीत टाकायची.

"परवा परीक्षा आहे सर."

"आहे."

"त्यांचा तो वरचा सूर रोज फाटतो. रोज म्हणजे रोज."

"फाटतो खरा."

"गेल्या वर्षी मी त्याच जागेवर नापास झालो. यंदाही झालो तर संस्था मला पुन्हा बसू देणार नाही."

सरांनी एका कैरीचा वास घेतला.

"ही बरी आहे," ते म्हणाले.

आमची संस्था लहान. पदवीनंतर दोन वर्षं इथे बँडचं संचालन शिकवतात, म्हणजे फुंकायच्या वाद्यांचा ताफा समोर बसवून त्याला छडीने कसं चालवायचं ते. आम्ही विद्यार्थी चौघेच. एकाने छडी धरली की बाकीचे तिघे बँडमध्ये बसायचे. माझ्याकडे क्लॅरिनेट होतं. उरलेली मंडळी गावातली, लग्नाच्या बँडातली. लग्नसराईत सकाळची तालीम करायची तर ती लाल कोट आणि सोनेरी झालर अंगावर घेऊनच यायची, कारण इथून थेट वरातीला जायचं असायचं.

आढाव सरांनी फौजेच्या बँडमध्ये सारी उमर काढलेली. बोलायचे कमी. आम्हाला वाटायचं, फौजेत सगळं बोलून झालं असणार.

आणि सुव्रत... सुव्रत आमच्यातला हुशार. तो परदेशात जाऊन एक कार्यशाळा करून आला होता. त्याची छडी मखमली पेटीत झोपायची. पेटीला कुलूप होतं. स्वरलिपीच्या पानापानांवर त्याच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असायच्या. तो दिसायचाही छान. वाकडं बोलायला जागा नव्हती, याचाच आम्हाला राग यायचा.

"उद्याच्या तालमीत बघतो," सर पिशवी उचलत म्हणाले. "ज्याच्यामुळे सूर फाटतो, त्याला काढू."

सुव्रतचा चेहरा उजळला.

मला मात्र वाईट वाटलं. इस्माइलभाई आमच्या बँडचे पहिले ट्रम्पेटवाले. माणूस इतका साधा, की सूर फाटला की स्वतःच ट्रम्पेटकडे रागाने बघायचे. लग्नात तोच सूर ते घोड्याच्या कानाशी उभे राहून बिनचूक लावायचे. मी स्वतः ऐकलं होतं. सुव्रतसमोर मात्र तो फाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम सुरू झाली.

परीक्षेची धून संथ होती. मध्ये सगळा बँड थांबायचा, आणि एकट्या ट्रम्पेटने वरचा सूर लावून धरायचा. मग छडीची खूण, मग ढोल, मग सगळे. सुव्रतची ती जागा म्हणजे हीच.

सर मागे भिंतीशी खुर्ची टाकून बसले. म्हणजे सुव्रतच्या पाठीमागे, आणि आमच्या अगदी नजरेसमोर.

सुव्रतने छडी उचलली. आम्ही सुरुवात केली.

सरांनी पिशवीतून कैरी काढली.

मग चाकू.

मग कागदाची पुडी सोडली. तिखटमीठ होतं.

मी नजर स्वरलिपीवर खिळवली. पण कैरी चिरल्याचा आवाज आला हो. कर्र! सरांनी फोड तिखटमिठात बुडवली, तोंडात टाकली, एक डोळा मिटला, आणि सबंध चेहऱ्याची घडी घातली.

तोंडाला पाणी सुटलं की फुंकणाऱ्याचा कारभार आटोपतो. ओठ जागेवर राहत नाहीत. आधी माझं क्लॅरिनेट किंचाळलं. शेजारच्या बासरीतून नुसती हवा आली. ट्रॉम्बोनवाल्याने मध्येच आवंढा गिळला. मागच्या बड्या कर्ण्यातून तर म्हैस हंबरल्यासारखं काहीतरी निघालं. पखालेमामांचा ढोल तेवढा इमानेइतबारे चालू होता, कारण ढोलाला तोंड लागत नाही.

सुव्रतने छडी आपटली.

"इस्माइलभाई! पुन्हा तुम्ही!"



इस्माइलभाईंनी मांडीवरचा ट्रम्पेट हळूच वर करून दाखवला.

"साहेब, माझी जागा आली कुठं अजून? मी तोंडालाच लावला नाही."

मागून दुसरी फोड चिरल्याचा आवाज आला. सुव्रत गर्रकन वळला.

"सर! तुम्ही कैरी खाताय?"

"हो. घे एक फोड."

"सर, बँडसमोर आंबट खात नाहीत! शेंबड्या पोरालाही कळतं. वाजवणाऱ्यांची तोंडं जातात!"

"तुला माहीत आहे तर."

"म्हणजे काय? मला माहीत नसणार?"

"मग त्या जागी तू रोज का खातोस?"

"मी?... मी काय खातो?"

सरांनी चाकू पुसला आणि आमच्याकडे बघितलं.

"दाखवा रे. त्या जागी साहेब कसे दिसतात, दाखवा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणाची हिंमत होईना. मग पखालेमामांनी भुवया आकसल्या, एक डोळा बारीक केला, ओठ मुरडले आणि मान खांद्यात ओढली. ते बघून बासरीवाल्याने केलं. मग मी केलं. मग सगळ्यांनीच केलं. सबंध बँड लाल कोट घालून समोर कैरी खात बसला होता, फक्त कैरी नव्हती.

सुव्रत बघत राहिला. हसलं कुणीच नाही. मला हसू आलं होतं, पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि ते गिळलं.

"सूर फाटतो म्हणून माझं तोंड तसं होतं," तो शेवटी म्हणाला.

"तोंड आधी होतं, की सूर आधी फाटतो?"

"तोंड," सुव्रत म्हणाला. आवाज खाली गेला होता.

सरांनी उरलेली कैरी पिशवीत टाकली.

"ज्याच्यामुळे फाटतो त्याला काढू म्हणालो होतो. काढू का?"

सुव्रतने मान खाली घालून छडी पेटीत ठेवली.

त्याची एक गोष्ट मात्र मानायला हवी. त्याला चूक दाखवली की तो ती मन लावून दुरुस्त करायचा. संध्याकाळभर तो वसतिगृहातल्या आरशासमोर उभा होता. आम्ही दाराच्या फटीतून बघितलं. छडी फिरवायचा, ती जागा आली की गोड हसायचा. नाही जमलं की पुन्हा पहिल्यापासून. हसू थोडं डावीकडे जास्त जात होतं, तेही त्याने सारखं केलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही एकदा वाजवून बघितलं. ती जागा आली. सुव्रत इस्माइलभाईंकडे बघून हसला.

इस्माइलभाईंनी ट्रम्पेट खालीच घेतला.

"साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

सुव्रतने सरांकडे बघितलं. सर दारात उभे होते.

"हा आंबा कार्बाइडवर पिकवलेला दिसतो," सर म्हणाले.

"मग करू तरी काय मी, सर?" सुव्रत अक्षरशः रडकुंडीला आला होता. "आंबट नको, गोड नको. मग त्या जागी करायचं काय?"

"ऐकायचं."

"मी ऐकतोच की!"

"नाही. तू तपासतोस."

एवढं बोलून सर परीक्षकबाईंना आणायला फाटकाकडे गेले.

बाई बाहेरगावच्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चेहरा असा की त्यांच्यापुढे कैरीनेच दबून राहावं. त्या पहिल्या रांगेत बसल्या. सुव्रतने घाम पुसला. इस्माइलभाईंनी ट्रम्पेटवरून दोनदा हात फिरवला. दोघांचंही सगळं त्या एका जागेवर अवलंबून होतं, आणि दोघेही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. मला दोघांची दया येत होती.

धून सुरू झाली. बरी चालली.

बँड थांबला. ती जागा आली.

सुव्रतने इस्माइलभाईंकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आंबट नव्हतं, गोडही नव्हतं. बहुधा कुठलं तोंड करायचं हेच त्याला आठवेना. तोंड नुसतं उघडं राहिलं होतं.

इस्माइलभाईंनी सूर लावला.

तो लागला. सबंध लागला, आणि सभागृहभर पसरला. इतके दिवस त्या जागी मी खांदे आवळून बसायचो, त्यामुळे हा सूर एवढा चांगला आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

आता सुव्रतने ढोलाला खूण करायची होती.

पण सुव्रतचा हात हवेत तसाच. छडी पुढे जाईना, खाली येईना. तो ऐकत होता. डोळे इस्माइलभाईंवर, तोंड उघडं, बाकी स्वारी त्या जागेवर नव्हतीच.

इस्माइलभाई सूर धरून राहिले. खूण येईना म्हणून आणखी धरला. त्यांची मान फुगली, डोळ्यांत पाणी आलं. आता यांचा श्वास संपणार, हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला. पखालेमामांनी ढोलावर हात टाकला. सबंध बँड एका दमात आत आला. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. असं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं.

सुव्रत दचकला आणि घाईघाईने हात हलवू लागला. तोवर शेवट आलाच होता.

बाई उठल्या. चष्मा काढला.

"त्या जागी हात थांबवलात," त्या म्हणाल्या. "बँडवर एवढा विश्वास टाकायला छाती लागते. उत्तीर्ण."

सुव्रतने मान लववली. अगदी रुबाबात.

टाळ्या झाल्या. इस्माइलभाई वरातीला उशीर होतो म्हणून ट्रम्पेट काखोटीला मारून पळाले. जाताना त्यांनी दारातूनच सुव्रतला सलाम केला, आणि सुव्रतने दोन्ही हात जोडले.

मग तो आंब्याखाली आला. सर पारावर बसले होते. मी पलीकडे क्लॅरिनेट पुसत होतो.

"सर... ती छाती-बिती काही नव्हती."

"माहीत आहे."

"मी खूण द्यायचं विसरलो. सूर ऐकला आणि विसरलोच."

"हं."

इथे थांबला असता तर तो सुव्रत कसला? त्याने खिशातून लाल पेन्सिल काढली आणि मांडीवर स्वरलिपी पसरली.

"पण सर, परिणाम जबरदस्त झाला. पुढच्या कार्यक्रमात ही जागा अशीच बसवतो. हात किती वेळ थांबवायचा, तोंड केव्हा उघडायचं, बँडने श्वास केव्हा घ्यायचा, सगळ्याला खुणा करतो. आणि इस्माइलभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ना, ते थोडं आधी आणता आलं तर..."



सरांनी पिशवीतून कैरी काढली. चिरली. फोड तिखटमिठात बुडवून त्याच्यापुढे धरली. सुव्रतने ती घेण्यासाठी पेन्सिल खाली ठेवली. सरांनी ती पेन्सिल उचलून आपल्या खिशात टाकली.

"चुकून जमलंय रे," ते म्हणाले. "आता सुधारायला जाऊ नकोस."