बारावा गोळा

हे कुणाला सांगायचं नाही, असं विशाखाताईने मला बजावलंय. पण सांगताना तीच इतकी रंगली होती, की मला राहवत नाही.

"चाचा, पास! अठ्ठावीस टक्के! आता करू ना सही?"

विशाखा खडी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली नवी इंजिनिअर. सुवर्णपदकवाली. नोकरीतली पहिली सही, तीही आपल्याच घाटाच्या रस्त्यासाठी. फाटकाबाहेर खडीचे सात डंपर घरघरत उभे.

पोलादी पिंपात पाच किलो खडी, अकरा पोलादी गोळे, पाचशे फेरे. मग चाळणी. तीस टक्क्यांहून जास्त भुगा पडला, तर खडी नापास.

लतीफचाचा तीस वर्षं तेच पिंप फिरवत आलेले.

"वजन केलंत का, मॅडम?"

"तीनदा!"

"खडीचं नाही हो..."

चाचांनी पिंपातला एक गोळा उचलला, सदऱ्याला पुसला, काट्यावर ठेवला.

तीनशे पासष्ट ग्रॅम.

विशाखाने आकडा पुन्हा वाचला. तीनशे नव्वदच्या खालचा गोळा चालत नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. हलक्या गोळ्याचा मारही हलका.

"पण चाचा, हे तर पोलाद..."

"रोज दगडावर आपटतंय, पोरी."

"ओ मॅडम, झाली का सही?" बाहेरून ठेकेदाराचा माणूस ओरडला. "का मुहूर्त बघताय?"

"थांबा!" आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिला तेव्हाच कळलं.

कपाटातून नव्या गोळ्यांची पेटी निघाली. त्याच ढिगातली दुसरी पाच किलो खडी. धडाड... धडाड... पाचशे फेरे तिने बोटांवर मोजले.

तेहतीस.

तिने अहवाल टराटरा फाडला. डंपर शिव्या देत वळले. आणि तिला नाचावंसं वाटत होतं.

"चाचा, आता दर महिन्याला गोळ्यांचं वजन! मी स्वतः करणार!"

पेटीत एक गोळा उरला होता. बारावा. चाचांनी तो तिच्या तळहातावर ठेवला.

"हा घरी न्या. रोज सकाळी उचला."

"हा कशाला? हा तर झिजणारच नाही."

"म्हणूनच... ज्या दिवशी हा हलका लागेल, त्या दिवशी झिजलेल्या तुम्ही असाल. तेव्हा सही करू नका."

तो गोळा ताईच्या टेबलावर असतो. आत्ता मी तो हळूच उचललाय, आणि तो मला चक्क हलका—

"मंजू! काय गं करतेस तिथे?"