महाराजांच्या डोक्यावरचा एसी

प्रचंडराव महाराजांच्या चाकांवरच्या महालातला एसी गार वारा द्यायचं सोडून थेट त्यांच्या पलंगावर पाणी गाळू लागला, आणि सगळ्या दरबाराला घाम फुटला!

चाकांवरचा महाल म्हणजे ट्रॅक्टरला जोडून ओढायची एक लांबलचक गाडी. आत पलंग, सिंहासन, आरसा. छतावर एसी. दर वैशाखात महाराज या गाडीतून राज्याची पाहणी करत. म्हणजे खिडक्या लावून झोपत.

आता एसी बिघडलाय असं महाराजांना सांगायचं कोणी? दिवाणजी शाल पांघरून आत आले. "काय गारठा आहे हो, महाराज!" ते म्हणाले आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब टपकला. सेनापती कानटोपी घालून आले. राजवैद्यांनी तर सर्दीचा काढाच आणला.

"पुरे!" महाराज ओरडले. "उकडून माझा बटाटा झालाय! बोलवा त्या शिदू मिस्त्रीला!"

शिदू शिडी घेऊन धावत आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवतो तोच दिवाणजींनी त्याचा सदरा ओढला.

"अरे, कायदा ठाऊक नाही? महाराजांच्या डोक्याच्या वर कोणी जायचं नाही!"

या कायद्यामुळेच तीन वर्षांत त्या एसीला कोणाचा हात लागला नव्हता.

"मग महाराजांनी घटकाभर खाली उतरावं," शिदू चाचरत म्हणाला.

"मी? उन्हात?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "ऐक! मी गाडीतून जमिनीवर पाय ठेवणार नाही. माझ्या डोक्याच्या वर कोणी जाणार नाही. आणि दिवस मावळायच्या आत एसी गार झाला पाहिजे. नाहीतर तू राज्यातून हद्दपार!"

शिदू डोक्याला हात लावून झाडाखाली बसला. त्याची मुलगी मंजुळा त्याची भाकरी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही खाऊन घ्या. मी आलेच." आणि ती गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"महाराज, तुमच्या सगळ्या अटी मान्य. फक्त तुम्ही छतावर चला."

"काय?"

"खाली उतरायचं नाही म्हणालात. वर चढायचं नाही असं कुठं म्हणालात? शिडी दारातूनच लावू. तुम्ही वर खुर्चीत बसा, आम्ही तुमच्या पायाशी बसून काम करू. तुमच्या डोक्याच्या वर राहतील ते फक्त कावळे. आणि त्यांनी तुमचा कायदा आजवर कधी पाळलाय?"

दिवाणजींनी कायद्याचं पुस्तक पुढून मागून चाळलं. त्यात काहीच सापडेना. शेवटी चार शिपायांनी खालून रेटा दिला आणि महाराज छतावर पोहोचले. मिशांना हात फिरवत त्यांनी चहूकडे पाहिलं.

"दिवाणजी, ती समोरची विहीर कोरडी कशी? तुम्ही तर तुडुंब भरली आहे म्हणाला होता!"

दिवाणजींना अचानक खोकला आला.

"आधी वीज बंद करा!" मंजुळानं खाली ओरडून सांगितलं. शिदूनं एसीचं झाकण उघडलं. आत वाळका पाला, साळुंकीचं घरटं, कुंभारमाश्यांची मातीची घरं! पाणी बाहेर जायचं भोक चिखलानं बुजलेलं. म्हणूनच पाणी पलंगावर येत होतं. शिदूनं ते तारेनं मोकळं केलं. पण पातळ पत्र्याच्या पात्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"बारीक दातांचा कंगवा हवा," शिदू म्हणाला.

सगळे महाराजांच्या मिशांकडे बघू लागले. महाराजांनी नाइलाजानं खिशातून चांदीचा कंगवा काढला. "जपून हं!"

"तुमच्या मिशांपेक्षा हळू विंचरू," मंजुळा म्हणाली.

काम संपलं, कंगवा महाराजांच्या खिशात परत गेला. महाराज आत आले, एसी सुरू झाला. गळती थांबली. पण वारा? चहावर फुंकर मारावी इतकाच! सूर्य डोंगरावर हातभर उरला होता.

"हद्दपार! आणा लेखणी!" दिवाणजी खूश होऊन ओरडले.

मंजुळानं मान वर केली आणि छताकडे बघतच राहिली.

"महाराज, हे यंत्र खोलीतली हवा छताच्या जाळीतून वर ओढतं, गार करतं आणि खाली सोडतं. पण कोणीतरी त्याचं नाक दाबून धरलंय."

"कोणी? शिदूची शिक्षा त्याला!"

"खूप मोठा माणूस आहे, महाराज."

"असेना! प्रचंडरावाचा शब्द आहे!"

"रोज तुमच्या डोक्याच्या वर असतो. कायदा मोडून."

"माझ्या डोक्याच्या वर? कोण आहे तो हरामखोर?"

"वर बघा ना."

महाराजांनी वर पाहिलं. पलंगाच्या नेमकं वर, सोनेरी चौकटीतून, महाराजच खाली बघत होते! डोळे उघडताच महाराजांना स्वतःचं दर्शन व्हावं म्हणून दिवाणजींनी वर्षापूर्वी ती तसबीर अगदी जाळीवरच ठोकून बसवली होती.

महाराज तसबिरीकडे बघत होते, तसबीर महाराजांकडे. मग महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते इतके हसले की गाडी चाकांवर डुलू लागली.

"लिहा, दिवाणजी! हा मिशाळ माणूस हद्दपार! आणि याला सीमेपार पोहोचवायला तुम्हीच जा, पायी!"

तसबीर खाली आली. मागची जाळी धुळीनं घोंगडीसारखी जाड झाली होती. मंजुळानं ती साबणाच्या पाण्यात धुतली. वैशाखाच्या झळीत ती पापडासारखी वाळली. जाळी बसली, एसी सुरू झाला, आणि असा गार झोत सुटला की दिवाणजींना पहिल्यांदाच शालीची खरी गरज लागली! सूर्य अजून बोटभर वर होता.

"शिदू, शिडी कायम गाडीलाच बांधून ठेव. तू आता माझा छतप्रमुख!" महाराज म्हणाले. "आणि पोरी, तुला काय हवं? सोनं माग, जमीन माग!"

"तो कंगवा द्या, महाराज. दर महिन्याला लागेल."

"बस्स? एवढंच?"

मंजुळानं किंचित विचार केला.

"आणि दर महिन्याला तुम्हीही वर येऊन बसा. तिथून विहीर छान दिसते."

महाराज पुन्हा खदखदून हसले आणि त्यांनी खिशातून कंगवा काढून तिच्या हातावर ठेवला.