माशाला दिसणारा माणूस

ज्याच्या दारी कुणाची परीक्षा होत नाही आणि ज्याच्या दृष्टीतून कुणी सुटतही नाही, त्या नारायणाला आधी वंदन. सांगणाऱ्याच्या जिभेला त्याने खरेपणा द्यावा, ऐकणाऱ्याच्या मनाला निवांतपणा द्यावा, आणि मग ही लहानशी गोष्ट पुढे सरावी.

“...तर ती गाइडं ठेवू, की या विहिरीत बुडवू? एवढं एकच सांगा, बुवा.”

माघातली सकाळ होती. वडजळच्या मठामागे पायऱ्यांची विहीर आहे आणि तिच्या भिंतीतल्या कोनाड्यात नारायणाची काळी मूर्ती आहे. मठ सांभाळणारे केशवबुवा तळच्या पायरीवर बसून देवाचा तांब्या चिंचेने घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाची गाइडं?”

“माझी. बारावीची. सगळ्या विषयांची आहेत.”

“वाचलीस?”

“वाचली? पाठ आहेत!” पद्मनाभचा आवाज क्षणभर ताठ झाला. “कुठलंही पान उघडा आणि विचारा.”

त्या ताठपणाला कारण होते. पद्मनाभ हा गावातल्या शिंप्याचा मुलगा. दहावीला तालुक्यात पहिला आला, तेव्हापासून त्याचे वडील गिऱ्हाइकाचे माप घेतानाही ‘आमचा पद्मनाभ इंजिनिअर होणार’ हे ऐकवल्यावाचून फीत गुंडाळत नसत. मुलगा शहरात राहून शिकवणीला जाऊ लागला. शिकवणीच्या सरांनी गाइडे दिली, अपेक्षित प्रश्नांवर खुणा करून दिल्या आणि सांगितले की एवढे पाठ करा, याच्या बाहेर काही येत नाही.

पूर्वपरीक्षेत मात्र बाहेरचे आले.

पदार्थविज्ञानात तो नापास झाला. ही गोष्ट घरी अजून कुणाला ठाऊक नव्हती. खरी परीक्षा आठवड्यावर आली, म्हणून तो अभ्यासासाठी गावी आला होता, पण घशाखाली घास उतरत नव्हता. रात्री डोळा लागला की कोरा पेपर दिसे आणि तो दचकून उठे. आईला वाटे, पोर अभ्यासाने खंगले.

“काय आलं होतं पेपरात?” बुवांनी विचारले.

“भांड्यातल्या पाण्यात पडलेलं नाणं वर उचललेलं का दिसतं, हा अपेक्षित प्रश्न होता. तो मला तोंडपाठ होता. पेपरात आलं... पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस कसा दिसेल?”

“मग?”

“मी नाण्याचं उत्तर लिहिलं.”

बुवांचा हात थांबला. “सगळं?”

“सगळं. तपासणाऱ्या सरांनी खाली लाल शाईत लिहिलं, मासा कुठे आहे?”

बुवांच्या पांढऱ्या मिश्या हलल्या. पण ते हसले नाहीत. पोराचे डोळे भरून आले होते.

“म्हणून दाखव ते उत्तर.”

पद्मनाभने डोळे मिटले आणि आरती म्हणावी तसा तो म्हणू लागला. “पाण्यातील वस्तू वरून पाहणाऱ्यास आहे त्याहून वर उचललेली दिसते, कारण प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमात येताना आपली दिशा बदलतो, बाजूची आकृती पाहा, यावरून असे सिद्ध होते की...”

“पाहू?”

“काय?”

“आकृती. बाजूची.”

पद्मनाभने डोळे उघडले. बाजूला विहिरीची भिंत होती. भिंतीवर शेवाळ होते.

“...आकृती मी पाठ केली नाही,” तो पुटपुटला.

बुवांनी तांब्या खळबळून धुतला. सूर्य अजून विहिरीत उतरला नव्हता. पाण्यावरून वाफेचे धागे वर जात होते, कारण थंडीच्या दिवसांत विहिरीचे पाणी कोमट असते.

“पद्म्या, तू पोहायला कुठे शिकलास रे?”

“इथेच. तुम्हीच तर शिकवलंत.”

“आणि देवाला पाणी कधी घातलंस?”

पद्मनाभने कोनाड्यातल्या मूर्तीकडे पाहिले.

वडजळमध्ये एक जुनी रीत आहे. उन्हाळ्यात गावातली पोरे बुवांकडे पोहायला शिकतात. पाठीला सुकवलेला भोपळा सुंभाने बांधून त्यांना पाण्यात सोडतात. ज्याचा भोपळा सुटतो, जो भोपळ्यावाचून पोहू लागतो, तो त्या दिवशी स्वतःच्या हाताने विहिरीतले पाणी भरून नारायणाला स्नान घालतो. पद्मनाभच्या बरोबरीच्या सगळ्यांनी देवाला पाणी घातले होते. त्याचा भोपळा सुटण्याच्या उन्हाळ्यात तो शिकवणीसाठी शहरात गेला, आणि ते पाणी राहिले ते राहिलेच.

“खुंटीवरचा भोपळा घे,” बुवा म्हणाले. “बांध आणि उतर.”

“आता? बुवा, आठवड्यावर परीक्षा आली आहे. मी तुम्हाला गाइडांचं विचारायला आलो...”

“ऐकलं मी. बहिरा झालो नाही अजून.”

बुवांशी वाद घालण्याची गावात कुणाची छाती नव्हती. पद्मनाभने सदरा काढला, भोपळा पाठीशी घेतला, सुंभ छातीवर आणून गाठ मारली. ती तपासून पाहिली आणि तिच्यावर आणखी एक गाठ मारली. मग तो पाण्यात उतरला.

कोमट पाण्याने त्याला अलगद झेलले. अंग विसरले नव्हते. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपासप गेला आणि तसाच परत आला. कित्येक दिवसांत प्रथमच त्याच्या छातीवरचे ओझे हलके झाले.

“येतं की मला!” तो ओरडला.

“छान येतं,” बुवा म्हणाले.

एवढे बोलून त्यांनी घासून लखलखीत केलेला देवाचा तांब्या पाण्यावर ठेवला. तांब्या क्षणभर डुलला, एका अंगाला कलला आणि बुडबुडे सोडत खाली गेला.

“बुवा! तांब्या!”

“गेला खरा.”

“आता देवाची आंघोळ?”

“खोळंबली.” बुवांनी कोनाड्याकडे पाहून हात जोडले. “आता तू काढशील तेव्हा.”

पद्मनाभने श्वास भरला आणि डोके पाण्यात खुपसले. डोके खाली गेले, पाठ वरच राहिली. त्याने हात मारले, पाय झाडले. भोपळ्याने त्याला बूच उसळावे तसे वर फेकले. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा पाय आकाशाकडे गेले आणि तोंड पाण्यात राहिले. नाकात पाणी शिरले. तो खोकत, ठसकत पायरीला येऊन चिकटला.

“बदक बरं दिसतं याहून,” बुवा म्हणाले.

“भोपळा खाली जाऊ देत नाही!”

“जाऊ देणार नाहीच. त्याचं ते काम आहे. चोख करतो बिचारा.”

“मग सोडा ना तो.”

“मी कुठे बांधला?”

पद्मनाभचा हात छातीवरच्या गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. खालचे पाणी काळे दिसत होते. रात्री स्वप्नात दिसणारा कोरा पेपर त्याला आठवला.

“बुवा... बुडालो तर?”

बुवांनी खांद्यावरचे उपरणे काढून पायरीवर ठेवले. धोतराचा काचा मारला आणि कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर येऊन उभे राहिले. हात पुढे केला नाही. नुसते उभे राहिले.

गाठीवरची गाठ सुटायला वेळ लागला...

भोपळा सुटून तरंगत बाजूला गेला, आणि पद्मनाभ खाली गेला.

पाणी कानांत दाटले. हात चिखलात रुतला. काहीतरी गार आणि गोल लागले, निसटले, पुन्हा लागले. तांब्याचा गळा मुठीत आला, तेव्हा त्याने डोळे उघडून वर पाहिले.

वर उजेड हलत होता. त्या उजेडात पायरीवर बुवा उभे होते. पुसट दिसत होते, लाटांनी थरथरत होते. पण होते त्याहून कितीतरी उंच. मठापुढच्या दीपमाळेसारखे उंच, निमुळते, आभाळाला टेकलेले.

श्वास संपत आला होता, तरी तो निमिषभर पाहतच राहिला.

मग तो पाणी फोडून वर आला, आणि श्वास घेण्याआधीच ओरडला, “उंच! बुवा, तुम्ही उंच दिसलात!”

“काठीवाचून चालवत नाही मला, आणि म्हणे उंच.”

“तसं नाही हो! मासा... माशाला माणूस आहे त्याहून उंच दिसतो! हा बघा, तुमच्या डोक्याकडून किरण असा येतो.” तांब्या धरलेल्या हाताने त्याने हवेत एक तिरकी रेघ ओढली. “आणि पाण्यात शिरताना असा वळतो. माशाला काय ठाऊक तो वळला म्हणून? तो आपला सरळ वर बघतो, म्हणून तुमचं डोकं त्याला वर दिसतं! नाण्याचंच आहे हे, बुवा. तेच आहे! फक्त मी काठावर नव्हतो, मी... मी खाली होतो!”

“आणि दुसऱ्या हातात काय आहे?”

“काही नाही. हा वळलेला किरण दाखवतोय.”

“मग पायरी कुणी धरली आहे?”

पद्मनाभने आजूबाजूला पाहिले. तो विहिरीच्या मध्यावर होता. पायरी दूर होती. भोपळा त्याहून दूर, भिंतीशी जाऊन लागला होता. पाण्याखाली त्याचे पाय आपल्या आपण हलत होते.

हे लक्षात येताच तो घाबरला, भरपूर पाणी प्यायला आणि आरडाओरडा करीत कसाबसा पायरीशी पोचला. आता मात्र बुवा मोकळेपणी हसले. विहिरीने ते हसू कितीतरी वेळ घोळवले.

“भर,” ते म्हणाले.

पद्मनाभने तांब्या बुडवून भरला. ओल्या अंगाने कोनाड्यापुढे गेला. धार सरळ पडेना, पण पडली. नारायणाच्या मस्तकावरून पाणी खाली ओघळले आणि विहिरीचे पाणी विहिरीत गेले.

बुवांनी हात जोडले होते. पद्मनाभनेही जोडले.

मग त्याने पाण्यावरचा भोपळा ओढून आणला. “फोडून टाकू हा?”

“का रे? याच्यावाचून तू पाण्यात पाऊल टाकलं असतंस?”

“नसतं टाकलं.”

“मग?”

“म्हणजे... गाइडं ठेवू?”

बुवा उपरण्याने भोपळा पुसू लागले. तान्ह्या मुलाचे अंग पुसावे तसा त्यांनी तो हळूहळू, सगळीकडून कोरडा केला.

“बुवा, नीट सांगा ना. आज घरी जाऊन नापास झाल्याचंही सांगायचं आहे मला. सरळ एक सांगा, गाइडं उघडू की नको?”

बुवांनी भोपळा खुंटीला टांगला. तो थोडा हलला आणि स्थिर झाला. त्याच्याकडे पाहत ते म्हणाले,

“इतके उन्हाळे पाण्यात काढले याने... अजून बुडी मारता येत नाही.”

ही गोष्ट जिथे वाचली जाईल त्या घरातल्या लेकरांचा घसा परीक्षेच्या वेळी कोरडा पडू नये. ज्या माउल्या त्यांच्यासाठी जागतात त्यांना नीज लाभावी. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तळ गाठण्याचे धैर्य मिळावे, आणि वर येताना नारायण काठावर उभा दिसावा.