साळिंदराची गोधडी

फार पूर्वी एका म्हाताऱ्या साळिंदराला गोधडी शिवायचा नाद लागला. तो बुजगावण्याच्या चिंध्या आणी आणि पाठीचा काटा उपटून त्याची सुई करी. टाके घालताना त्याला फार शांत वाटे. चार टाक्यांत काटा मोडला, की तो दुसरा उपटी.

"अहो, पाठ उघडी पडली. आता पुरे," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं?"

बिबट्या रोज लांब बसून बघत असे. "आजोबा, काय हात आहे तुमचा! तेवढा कोपरा कशाला ठेवता?"

साळिंदराला अभिमान वाटला. शेवटचा काटा उपटून त्याने तोही कोपरा शिवला.

"झाली बघ!"

बिबट्या सावकाश उठला. आता त्याला घाई नव्हती.

त्या हिवाळ्यात बायको बिळात एकटीच कुडकुडली. गोधडी तिने अंगावर घेतली नाही.