फितीतून आलेली अंगाई

गाणी फितीवरून संगणकात राहायला गेली, त्या दिवसांतली ही गोष्ट.

एका स्टुडिओतला संगणक फार बेचैन होता. गायिका हंसाबाईंनी आपली अंगाई चौथ्यांदा पुसायला लावली होती. "सूर चोख आहे, पण ऊब नाही. आता शेवटचं ऐकते, नाहीतर हे गाणंच नको," त्या म्हणाल्या.

संगणकाने पाचव्यांदा घेतलेलं गाणं पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना. अखेर त्याने कोपऱ्यातल्या जुन्या टेपरेकॉर्डरला विचारलं, "आजोबा, तुम्ही गाण्यात असं काय घालत होता?"

"घालतोय कसला, बाळा! माझ्या फितीत सगळं मावतच नाही. जे टोकदार असतं ते वाटेत झिजतं."

"म्हणजे तुम्ही गाणं बिघडवता!"

"थोडंसं. देतोस का ते माझ्याकडे?"

तरीही संगणकाने तारेतून गाणं पलीकडे सोडलं. फीत खरखरत फिरली आणि गाणं परत आलं.

हंसाबाई डोळे मिटून ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांची मांडी आपोआप हलू लागली, जणू तिच्यावर कोणी निजलं होतं.

संगणकाला त्या गाण्यात सतरा चुका दिसत होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही.