पिवळं फडकं

फार पूर्वी, म्हणजे मोबाइलचं मागचं झाकण नखानं उघडायचं आणि बॅटरी तळहातावर यायची त्या काळी, एका गावात सगुणाताई नावाची एक मोबाइल दुरुस्त करणारी बाई राहत होती. तेव्हा ॲप हवं असलं की ते शहरातल्या मोठ्या बाजाराकडूनच घ्यावं लागे. मिळे फुकट, पण आधी नाव, गाव, जन्मतारीख सगळं सांगायचं, आणि पुढे तो बाजार पाठ सोडत नसे. एकदा गावातल्या एका सुनेनं पाळीचे दिवस मोजायचं ॲप घेतलं, तर तिनं सासूला गोड बातमी द्यायच्या आधीच घरी पाळणे विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. बिचारी आठ दिवस तोंड लपवून होती.

सगुणाताईला याची चीड आली. चावडीशेजारची पंचायतीची रिकामी खोली मागून घेऊन तिनं तिथं आपलं छोटंसं ॲपघर काढलं. नियम दोनच. प्रत्येक ॲप कसं बनवलंय त्याची कृती, लोणच्याची असावी तशी, भिंतीवर उघडी टांगलेली. ज्याला समजेल त्यानं वाचावी आणि चूक दिसली तर सांगावी. आणि कोण आलं, काय नेलं, हे कुठेही लिहायचं नाही. पडद्यामागे एक वायर होती. ज्यानं त्यानं ती आपल्या मोबाइलला लावून हवं ते उतरवून घ्यावं. ॲपं मोजून अठरा, पण सगळी चोख. त्या खोलीत तापलेल्या तारेचा आणि आल्याच्या चहाचा वास येई. आज बोट लावताच हजार ॲपं समोर येतात, पण तो वास आठवला की जीव हळवा होतो.

एका दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून, देवळात पोथी वाचणारे बुवा आले. अक्षरं शिकवणारं काही आहे का, नातवासाठी हवं होतं, असं म्हणाले. त्यांचा नातू तेव्हा कॉलेजात होता. सगुणाताईनं फक्त पडदा बाजूला केला.

खरी गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती. बुवांना वाचता येत नव्हतं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली पोथी त्यांना पाठ होती. समोर पोथी उघडून, अंदाजानं पानं उलटत, त्यांनी चाळीस श्रावण निभावून नेले होते. पण सत्तरी उलटल्यावर ओव्या निसटायला लागल्या. आता खरोखर वाचता आलं नाही, तर भरल्या देवळात मान खाली घालावी लागणार होती.

श्रावणाला चार दिवस उरले असताना शेजारच्या गावचा शिंपी धावत आला. कपडे शिवता शिवता त्याला कृत्या वाचायचा नाद लागला होता, आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊनही तो सुटत नव्हता. त्यानं दाखवलं की अक्षरांच्या ॲपमध्ये एक दोष राहिलाय. आवाज बंद केला तरी ते रोज संध्याकाळी सहाला आपोआप मोठ्यानं धडा म्हणायला लागणार होतं, तेही श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून. आणि बुवांची पोथी सुरू व्हायची बरोबर सहाला.

दोन तासांत दोघांनी मिळून दोष काढला. पण नीट केलेलं ॲप पोचवायचं कुणाकुणाला? सरपंचांनी सगुणाताईला चावडीवर बोलावलं.

"नावं लिहिली असतीस तर आज घरोघर निरोप गेला असता," ते म्हणाले. "उद्यापासून वही ठेव. नाहीतर खोली रिकामी कर."

चावडीवरच्या सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर सगुणाताईलाही थोडं पटलं. तिनं दुकानातून वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली. मग तिला बुवांचा चेहरा आठवला. बुवांना ती एकटं गाठून सांगू शकली असती, पण मग तिला त्या दुपारीच सगळं उमगलं होतं हे त्यांना कळलं असतं. शिवाय अशी माणसं आणखी किती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं वही मिटली, एक पिवळं फडकं बांबूला बांधलं आणि तो बांबू छपरावर उभा केला.

"फडकं दिसलं की एकदा येऊन जायचं," तिनं गावात सांगितलं. "वायर लावली की जे जुनं असेल ते नीट होईल. काय घेतलंय ते मला सांगू नका."

दोन दिवस माणसांची रीघ लागली. बुवा आले, चहाही न घेता गेले. शेवटी स्वतः सरपंच आले. पडद्यामागे बराच वेळ होते. बाहेर आल्यावर त्यांनी वहीचं नाव काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही.

श्रावणात सहा वाजले आणि देवळात कुठलाही मोबाइल बोलला नाही. बुवा त्या वर्षी ओळीखाली बोट ठेवून फार सावकाश वाचत होते. वय झालं, असं लोक म्हणाले. पोथी संपली त्या दिवशी त्यांनी ती मिटून कपाळाला लावली.

"चाळीस वर्षं मी पाठ म्हणत होतो," ते म्हणाले. "यंदा वाचलं."

देवळात कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत बसलेल्या सगुणाताईनं पदरानं डोळे पुसले. ही गोष्ट तिच्या वहीतून बाहेर पडली असती तर ती बुवांची लाज ठरली असती. आज ती त्यांच्या तोंडून आली, म्हणून ती त्यांचा मान ठरली.

तात्पर्य: आपल्या मालाची कृती उघडी ठेवावी आणि गिऱ्हाइकाची गोष्ट झाकलेली; ती केव्हा सांगायची, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं.